फायरप्लेसपुढील लाकडी जमीन

आमच्या कित्येक वाचकांची मुले आज अमेरिकेत व कॅनडात संसार थाटून आहेत. हिवाळ्यात त्यांच्याकडे राहावयास गेलेले आईवडील फायरप्लेसपाशी शेकत बसतात. नातवंडेही तेथेच खाली खेळत असतात. शहाबादी फरशीवर किंवा सारवलेल्या भुईवर वाढलेल्या आपल्या पिढीस, विस्तवाखालची जमीनच पेटू शकते ही कल्पना शिवत नाही. तिकडील घरांची जमीन मात्र बहुधा लाकडी तुळयांवर फळ्या ठोकून केलेली असते.

ठिणगी उडाली तर ती दिसते व विझविता येते. आम्हांस अधिक भय वाटते ते न दिसणाऱ्या उष्णतेचे. लाकडावर दगडाचा पातळ थर बसविला म्हणजे काम झाले, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु दगड जळत नसला तरी तापतो, आणि तो ताप हळूहळू खाली उतरतो. वर्षानुवर्षे असे भाजत राहिलेले लाकूड काळवंडते व ताज्या लाकडाहून कमी उष्णतेवर पेट घेऊ शकते. मग एखाद्या रात्री, सर्व मंडळी निजली असता, जमिनीच्या पोटात आग धुमसू लागते.

म्हणूनच जुने इंग्रज गवंडी वरच्या मजल्यावर तुळया अलीकडेच थांबवून आडव्या तुळईत अडकवीत, व फायरप्लेसपुढील फरशी विटांच्या कमानीवर तोलीत. अमेरिकेतील घरबांधणीच्या आदर्श नियमांनुसार विटांच्या फायरप्लेसचा तळ किमान 4 इंच व पुढील फरशी साधारणतः 2 इंच जाड हवी. तोंड 6 चौरस फुटांहून लहान असल्यास ही फरशी पुढे 16 व दोन्ही बाजूंस 8 इंच असावी. एरवी 20 व 12 इंच. कारखान्यात तयार झालेल्या फायरप्लेसला निर्मात्याने दिलेली मापेच पाळावीत.

बांधकामाच्या वेळी फरशीखाली लावलेल्या सेंटरिंगच्या फळ्याही काढून टाकाव्या लागतात. जुन्या घरांत त्या कधी कधी तशाच राहून गेलेल्या असतात. घर घेणाऱ्याने तळघरात उतरून बॅटरीच्या उजेडात एकदा वर पाहावे. (विकणारा रंगरंगोटी दाखवितो, तुळया नव्हे!)

राहिली राख. तिच्यातील निखारा दिवसचे दिवस जिवंत राहतो. रात्री निखारे राखेत झाकून सकाळी फुंकणाऱ्या आपल्या आजीस हे सांगावे लागले नसते. ती राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून घरापासून निदान 10 फूट दूर ठेवावी. लाकडी ओसरीवर तर मुळीच नको.