केसांतील पंचांग

विष पोटांत कधीं गेलें, याची तिथिवार साक्ष मनुष्याचा केस देतो, हें वाचकांस नवल वाटेल. इ. स. १९७१-७२ च्या हिवाळ्यांत इराकमधील खेडुतांनीं पेरणीकरितां आलेला, पारदयुक्त औषध चोळलेला गहूं दळून खाल्ला. सरकारी गणनेप्रमाणें ४५९ माणसें दगावलीं. केस महिन्यास सुमारें एक सेंटिमीटर वाढतो आणि रक्तांतील पारा त्यांत सांठत जातो. प्रयोगशाळेंत मातांच्या केसांचे तुकडे करून प्रत्येकांतील पारा मोजला, तेव्हां गर्भ कितव्या महिन्याचा असतां विष पोहोंचलें हेंही कळलें. कित्येक माता सावरल्या. अर्भकें मात्र मेंदूस कायमची इजा घेऊन जन्मलीं. पोत्यांवर सूचना होती, पण परभाषेंत! गव्हाचा तांबडा रंग धुतांच जाई, म्हणून विषही गेलें असें त्या गृहिणींस वाटलें.