पावसाच्या थेंबातील मीठ

पावसाळ्यात उघड्या बरणीतील मिठाला पाणी सुटते, हे घरोघरी ठाऊक आहे. हवेतील ओलावा ओढून घेण्याच्या मिठाच्या या गुणाचा पावसाशी निकटचा संबंध आहे.

समुद्राच्या लाटा फुटल्या की फेसातील बुडबुड्यांमधून खाऱ्या पाण्याचे सूक्ष्म तुषार उडतात. त्यांतील पाणी आटले म्हणजे मिठाचे कण उरतात व वाऱ्याबरोबर उंच जातात. ढगातील सुमारे दहा लाख थेंब एकत्र आले, तरच पावसाचा एक थेंब होतो. मिठाच्या मोठ्या कणावर मोठा थेंब लवकर तयार होतो आणि खाली येताना तो लहान थेंबांना आपल्यात सामावून घेतो.

असे कण ढगांच्या उंचीवर किती असतात, हे मोजण्यासाठी अमेरिकेतील वुड्स होल सागरविज्ञान संस्थेचे आल्फ्रेड वुडकॉक यांनी विमानाचा उपयोग केला. विमानाबाहेर धरलेल्या काचेच्या लहान पट्ट्यांवर कण आदळून चिकटत. पुढे ठरावीक दमट हवेत प्रत्येक कणाचा थेंब होई. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा आकार मोजून मिठाचे वजन काढले जाई. वारा जितका जोराचा, तितके हवेत मीठ अधिक, असे १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या या मोजमापांतून दिसून आले.

महाराष्ट्रात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने १९७३ ते १९८६ या काळातील अकरा पावसाळ्यांत बारामती परिसरातील ढगांवर प्रयोग केले. गुठळ्या होऊ नयेत म्हणून शंखजिरे मिसळलेली मिठाची पूड विमानातून फवारण्यात आली. पाऊस सरासरी २४ टक्के वाढला, असा निष्कर्ष निघाला. मात्र हा लाभ जाड व भरपूर पाणी असलेल्या ढगांतच दिसला. उथळ ढग मीठ टाकल्यावर विरून जाण्याकडे कल होता. म्हणूनच मीठ टाकण्यापूर्वी ढगाची परीक्षा आवश्यक ठरते. याच संस्थेने २००९ पासून विमानातून ढगांची व हवेतील सूक्ष्म कणांची नव्याने मोजमापे घेतली आहेत.

मीठ ढग निर्माण करीत नाही, ही गोष्ट गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकरी बंधूंना समजावून सांगावी. निरभ्र आकाशातून पाऊस पाडता येत नाही. तेव्हा विमानाच्या भरवशावर पेरणी करणे हिताचे नाही. बांधबंदिस्ती करावी, उताराला आडवी पेरणी करावी आणि पडलेले पाणी शेतातच मुरवावे. ढगातील काम शास्त्रज्ञांचे आहे. थेंब जमिनीवर पडल्यानंतरचे काम शेतकऱ्याच्या हाती आहे.