अहिराणी आणि मराठी

नाशिक जिल्ह्याच्या उत्तर भागांत, मालेगांव, बागलाण, कळवण या तालुक्यांत, अनेक घरांतून अहिराणी बोलली जाते. तेथील मूल शाळेंत ‘मनं घर’ असें म्हणालें कीं तें मराठी चुकलें असें पुष्कळांस वाटतें. ही समजूत कितपत खरी आहे?

मराठींत ‘माझा भाऊ, माझी बहीण, माझें घर’. अहिराणींत ‘मना भाऊ, मनी बहीण, मनं घर’. लिंगाप्रमाणें रूप दोहींकडे सारख्याच नेमानें बदलतें. मराठीच्या ‘चा, ची, चें’ या प्रत्ययांच्या ठिकाणीं अहिराणी ‘ना, नी, नं’ योजते. ‘घरांत’ याबद्दल ती ‘घरमा’ म्हणते आणि ‘आहे’ याबद्दल ‘शे’. हीं रूपें गुजराथींतील ‘नो, नी, नुं’, ‘घरमां’ आणि ‘छे’ यांच्याशीं जुळतात. उलट ‘मला’ याबद्दल येणारें ‘माले’ हें वऱ्हाडींतील ‘मले’ या रूपाजवळचें आहे. गुजराथ, माळवा व दक्षिण यांच्या मध्यें वसलेल्या खानदेशाच्या बोलींत असा मेळ आढळावा, हें स्वाभाविकच होय.

ग्रिअर्सन यांनीं भाषापाहणीच्या १९०७ सालच्या खंडांत खानदेशीचा समावेश मराठीबरोबर न करतां भिल्ली बोलींबरोबर केला. पुढें अनेकांनीं तिला मराठीची बोली मानलें. हा वाद कसाही सुटो, अहिराणीला स्वतःचें व्याकरण आहे, हें उघड आहे.

म्हणून शिक्षकानें दोन्ही रूपें फळ्यावर शेजारीं शेजारीं मांडावींत. मूल ‘माझें घर’ लवकर शिकेल, आणि आईच्या बोलीची त्याला लाजही वाटणार नाहीं.