संगणकाची दोअमली

दप्तरातील संगणक : लेखांक सहावा

गेल्या लेखांकात आपण परवलीच्या शब्दांचा, म्हणजे परक्यास अटकाव कसा करावा याचा विचार केला. आजचा विषय त्याहून नाजूक आहे, कारण ज्यास आपण होऊन सर्व अखत्यार सोपविला, त्या कारभाऱ्याचा तो आहे. अकोल्याच्या टिळक रोडवरील एखादी पेढी घ्या, अमरावतीच्या राजकमल चौकाजवळची एखादी पतसंस्था घ्या, की दर्यापूरकडील एखादी जिनिंग घ्या. तेथील संगणकांची देखभाल करणारा इसम बहुधा तेथे नसतोच. तो नागपुरास किंवा पुण्यास बसलेला असतो, वार्षिक कराराने त्याची नेमणूक झालेली असते, आणि पावती छापण्याचे काम अडले म्हणजे कारकून त्यास फोन करतो. पलीकडून ठरलेले उत्तर येते : ‘पडद्यावरचा नंबर सांगा बरं भाऊ, मी रिमोट घेतो.’ मग कारकून माउसवरचा हात काढून बसतो, पडद्यावरील बाण आपल्या आपण हिंडू लागतो, आणि थोड्या वेळाने पावती छापून बाहेर येते. आपण कोणास किती अधिकार दिला, हा प्रश्न त्या समाधानात सहसा कोणी विचारीत नाही.

एकदोन संगणकांपुरते हे नंबर सांगणे चालून जाते. परंतु ज्या कंपनीकडे अनेक संस्थांच्या शेकडो संगणकांची देखभाल असते, तिची व्यवस्था निराळी आणि कायमची असते. तिच्याकडे एक मध्यवर्ती सर्व्हर असतो, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाच्या प्रत्येक संगणकात एक लहानसा प्रोग्राम वस्तीस ठेवलेला असतो, ज्यास या धंद्यात ‘एजंट’ म्हणतात. हा एजंट ठरावीक अंतराने सर्व्हरकडे काही हुकूम आहे काय याची विचारणा करतो, आणि हुकूम असल्यास त्याची निमूटपणे तामिली करतो. नवे प्रोग्राम बसविणे, जुने काढणे, प्रसंगी अँटिव्हायरससुद्धा थांबविणे ही कामे सामान्य वापरणाऱ्याच्या अधिकारातील नसल्यामुळे एजंटास संगणकातील सर्वोच्च अधिकार दिलेला असतो. शिवाय संपर्क आतून बाहेर साधला जात असल्यामुळे फायरवॉलही त्यास सहसा हटकीत नाही.

वऱ्हाडास असली व्यवस्था अगदी अपरिचित नाही. अठराव्या शतकात या मुलखावर हैदराबादचा निजाम आणि नागपूरकर भोसले अशा दोघांचाही अंमल चाले, एकाच गावावर दोघांचे अंमलदार वसुलीस येत, आणि 1803 च्या देवगावच्या तहाने भोसल्यांचा वर्धा नदीच्या पश्चिमेकडील हक्क बव्हंशी संपुष्टात येईपर्यंत ही दोअमली रयतेच्या वाट्यास आली. आजच्या संगणकावरही मालकाचा एक अंमल आणि देखभाल करणाऱ्याचा दुसरा, असे दोन अंमल नांदत असतात. भेद इतकाच, की येणारा अंमलदार कोणाचा, हे गावच्या पाटलास निदान डोळ्यांनी दिसत असे. एजंटास मात्र हुकूम कोणत्या सर्व्हरवरून आला एवढेच कळते, त्या सर्व्हरवर या घटकेस कोणाचा ताबा आहे, हे कळण्याचा मार्ग त्यास नसतो. असल्या दूरव्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरमधील दोष इतर दोषांहून भयंकर ठरतो तो यामुळेच : इतरत्र एका दोषाने एक यंत्र परहस्ते जाते, येथे एका दोषाने अधिकारच परहस्ते जातो.

याचा सर्वांत बोलका दाखला 2 जुलै 2021 चा आहे. कासेया या अमेरिकी कंपनीचे ‘व्हीएसए’ नावाचे दूरव्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर जगभर वापरात होते. त्यातील अनेक दोष एका डच स्वयंसेवी संशोधन संस्थेने एप्रिलमध्येच शोधून कंपनीस कळविले होते, काहींची दुरुस्ती झालीही होती. तथापि उरलेल्या दोषांची दुरुस्ती पोहोचण्यापूर्वीच ‘रेव्हिल’ या खंडणीखोर टोळीने डाव साधला. अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या सुट्ट्या तोंडावर आलेल्या त्या शुक्रवारी, ओळख पटविल्यावाचून सर्व्हरमध्ये शिरून टोळीने एजंटांना एक हुकूम सोडला, आणि त्यास नाव दिले ‘हॉट-फिक्स’, म्हणजे तातडीची दुरुस्ती. एजंटाने आलेली फाइल आपल्या नेहमीच्या फोल्डरमध्ये उतरवून घेतली. कामात अडथळा नको म्हणून तो फोल्डर अँटिव्हायरसच्या तपासणीतून वगळावा, अशी खुद्द कंपनीचीच शिफारस होती. पुढे विंडोजचे संरक्षण बंद झाले, मायक्रोसॉफ्टच्याच सहीशिक्क्याचा एक जुना अस्सल प्रोग्राम पुढे करून त्याच्या आडून घातकी प्रोग्राम चालविला गेला, आणि दप्तरेच्या दप्तरे कुलूपबंद झाली. आघात झाला तो साठाहून कमी देखभाल कंपन्यांवर, पण त्यांच्या हाताखालील सुमारे 1,500 उद्योग त्यात सापडले. स्वीडनमधील कोऑप या दुकानसाखळीची गल्ल्यावरील यंत्रे बंद पडून तिला आपल्या सुमारे 800 दुकानांपैकी बहुतेक दुकाने मिटावी लागली. त्या दुकानांनी कासेयाकडून थेट काही घेतलेही नव्हते. टोळीने मागितलेली खंडणी होती 7 कोटी डॉलर.

दोष इतकाही गुंतागुंतीचा असावा लागतो असे नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये ‘स्क्रीनकनेक्ट’ या अशाच दुरून देखभाल करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये जो दोष उघडकीस आला, त्यास तीव्रतेच्या मापनात 10 पैकी 10 गुण मिळाले. सर्व्हर प्रथम बसविताना मुख्य अधिकाऱ्याची नेमणूक करणारे एक पान असते. ते काम उरकल्यावर पुन्हा उघडता कामा नये. येथे त्या पानाच्या पत्त्यापुढे एक तिरकी रेघ आणि काही अक्षरे जोडली की ते पुन्हा उघडत असे, आणि उघडणारा स्वतःचीच मुख्य अधिकारी म्हणून नेमणूक करून घेऊ शके.

हे सारे साता समुद्रांपलीकडचे आहे, असे समजून वऱ्हाडाने स्वस्थ राहावे अशी परिस्थिती नाही. 31 जुलै 2024 रोजी सी-एज टेक्नॉलॉजीज या, लहान बँकांना संगणकीय सेवा पुरविणाऱ्या कंपनीच्या यंत्रणेस खंडणीखोर प्रोग्रामची बाधा झाल्याचे समजताच राष्ट्रीय देयक महामंडळाने तिला देयकांच्या जाळ्यातून अलग केले, आणि देशातील सुमारे 300 सहकारी व ग्रामीण बँकांचे ग्राहक यूपीआयसारख्या सोयींना तात्पुरते मुकले. तेथील दोष दूरव्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरचा होता असे मी म्हणत नाही. परंतु एका पुरवठादारावर अनेक लहान संस्थांचा कारभार विसंबला म्हणजे काय होते, ते त्या दिवशी दिसले. त्याही आधी, फेब्रुवारी 2019 मध्ये, रिझर्व्ह बँकेने ‘एनीडेस्क’ या दुरून ताबा घेण्याच्या अ‍ॅपच्या आडून होणाऱ्या लुबाडणुकीबद्दल बँकांना सावध केले होते. तेथे तर सॉफ्टवेअरमध्ये दोष असण्याचीही गरज नव्हती. मोबाइलवर उमटलेला नऊ अंकी क्रमांक गिऱ्हाइकाने फोनवर सांगितला आणि मागितलेल्या परवानग्या दिल्या, की अधिकारदान पूर्ण होई.

तेव्हा पेढीच्या मालकाने वा पतसंस्थेच्या संचालकांनी करावे काय? दूरची देखभाल सोडून द्यावी, हा सल्ला निरर्थक आहे, कारण प्रत्येक तालुक्यास जाणता माणूस मिळत नाही. पण दिलेल्या अधिकाराची नोंद आपल्या हाती असणे अगत्याचे आहे. आपल्या संगणकांत कोणते एजंट बसलेले आहेत, याची यादी लेखी मागावी. करार संपलेल्या जुन्या माणसाचा एजंट अजून आत असेल, तर तो त्याच दिवशी काढावा. देखभाल करणाऱ्याचा सर्व्हर साऱ्या इंटरनेटास उघडा आहे काय, त्यात शिरण्यास परवलीच्या शब्दाखेरीज दुसरी खूण लागते काय, आणि दुरुस्ती प्रसिद्ध झाल्यावर ती किती दिवसांत बसविली जाते, हे तीन प्रश्न करारापूर्वी विचारावेत. जमाखर्चाची एक प्रत अशा ठिकाणी ठेवावी, जेथे एजंटाचा हुकूम चालत नाही. आणि विपरीत घडलेच, तर ते दडपू नये : सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे अशा घटनेची खबर 6 तासांत द्यावयाची असते, आणि यंत्रणेच्या नोंदी 180 दिवस जपावयाच्या असतात.

या नोंदी म्हणजे नेमके काय, त्या कोठे साठतात आणि सामान्य कारकुनास त्या कशा वाचता येतील, हा पुढील आठवड्याचा विषय. तोवर वाचकांनी एवढेच करावे, की आपल्या संगणकात कोणाकोणाचा अंमल चालतो याची चौकशी देखभाल करणाऱ्याकडे करावी, आणि उत्तर तोंडी मिळाल्यास ते कागदावर मागून घ्यावे.