चाक, पाल आणि काळी माती

दारव्ह्याच्या शिवारातली काळी माती चमचाभर हातात घ्या. तिच्यातला जो खरा चिवट भाग, मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज, तो निवडून सहा ग्रॅम बाजूला काढता आला आणि त्याचे सगळे पापुद्रे सुटे करून दोन्ही बाजूंनी मोजता आले, तर क्षेत्रफळ एक एकर भरेल. या खनिजाच्या एका ग्रॅमला सुमारे ७०० चौरस मीटर पृष्ठभाग असतो, आणि एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. पाढे येणाऱ्या कुणालाही हा गुणाकार करून पाहता येईल. चमच्यात एकर मावतो म्हटल्यावर मला तरी दुसरं काही सुचेना.

या चमच्याचा आणि सहलीच्या मुक्कामाचा संबंध आहे. महाराष्ट्र सरकारनं २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून हौशी मंडळींत एक नवा वाद रंगतो: बिछाना, ओटा आणि संडास पोटात घेऊन फिरणारी गाडी भाड्यानं घ्यावी, की तंबू पाठीवर टाकून निघावं? वाद बहुतेक पैशांवर आणि पाठदुखीवर येऊन थांबतो. पण हाच प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याच्या रानात विचारला, की त्याचं उत्तर पाणी द्यायला लागतं. आणि तेही तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी.

पहिली तऱ्हा मातीची. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला, त्याचा काळा दगड झाला, दगड झिजून ही माती झाली. तिचे पापुद्रे वहीच्या पानांसारखे एकावर एक असतात, एकेक पापुद्रा मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाएवढा. पाऊस पडला की पाणी या पानांच्या मध्ये शिरतं, पानं दूर सरकतात, माती फुगते. उन्हाळ्यात पाणी उडतं, माती आकसते आणि वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मृगाचा पहिला जोरदार पाऊस या भेगांतून थेट खाली उतरतो आणि माती आतून भिजते. म्हणूनच पेरणीसाठी शेतकरी वापसा येण्याची, म्हणजे माती औत चालण्याइतपत सुकण्याची, वाट बघतो. घाई केली तर बैलाच्या खुरांना आणि तिफणीला मणभर चिखल लागतो.

आता या मातीवर घरगाडी आणा. भरलेली कॅरॅव्हॅन सहज चार टनांची. तिचं चाक जमिनीवर किती दाब टाकतं, हे काढायला वजन लागतच नाही. टायरमधली हवा बघायची, कारण टायर जमिनीला जवळपास तेवढ्याच दाबानं दाबतं. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साडेतीन-चार किलो. ओल्या काळ्या मातीची सोसण्याची ताकद एखाद किलोच्या आसपास, कधी त्याहूनही कमी. गाडी फसणारच. उभा माणूस आपल्या तळव्यांनी पाव किलो दाबतो. आणि तंबूत आडवा झालेला सत्तर किलोचा माणूस? त्याचं वजन एवढं पसरतं, की वाट्याला येतात दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम चौदा-पंधरा ग्रॅम. चिखलात तंबू ठोकणं सुखाचं नाहीच, खुंट्या सकाळपर्यंत सैल होतात आणि सतरंजीला वास मारतो. पण पहाटे तंबू गुंडाळून पांदणीनं चालत सडकेला लागता येतं. घरगाडीसाठी ट्रॅक्टर बोलवावा लागतो, आणि ट्रॅक्टरवालाही वापशाचीच वाट बघत असतो.

हा हिशेब या भागात फार जुना आहे. रेल्वे येण्याआधी वऱ्हाडचा कापूस गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जायचा, तो मुख्यतः बैलांच्या पाठीवरून. बंजाऱ्यांची लदेणी ती हीच: शेकडो, कधी हजारो बैल, पाठीवर दोन्ही बाजूंना गोण्या, पुढे नायक. जाताना धान्य-कापूस, येताना मीठ. १८०३ साली आर्थर वेलस्ली वऱ्हाडात अडगाव आणि गाविलगडला लढला, तेव्हा त्याच्या फौजेची रसददेखील याच तांड्यांवर विसंबून होती. चाक तर सगळ्यांना ठाऊक होतं, मग बंडी सोडून पाठ का? बैलाचं खूर दुभंगलेलं असतं. चिखलात पडताना ते फाकतं, उचलताना मिटतं, त्यामुळे मातीला त्याला धरून ठेवता येत नाही. चाकाला ही सोय नाही. मुक्कामाला बैल मोकळे करायचे, गोण्या रचून आडोसा करायचा आणि त्यावर पाल ताणायचं. घराच्या भिंती म्हणजे विकायचा मालच! आजच्या कुठल्याही महागड्या घरगाडीत एवढी काटकसर मला दिसलेली नाही.

विलायतेत याच्या उलटं घडलं. गॉर्डन स्टेबल्स नावाच्या नौदलातल्या निवृत्त डॉक्टरनं १८८५ साली ब्रिस्टलच्या कारखान्यातून खास हौसेसाठी एक घरगाडी बनवून घेतली. नाव ‘वाँडरर’, वजन दोन टनांच्या आसपास, ओढायला दोन घोडे. ती घेऊन गडी स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेसपर्यंत गेला. पण त्याचा नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जायचा, कशासाठी? रस्ता गाडी झेपेल असा आहे का, हे बघायला. हौसेच्या घरगाड्यांच्या इतिहासात अगदी आरंभीच हा पुढे धावणारा माणूस आहे, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

पाण्याची दुसरी तऱ्हा तंबूच्या कापडात. दारव्ह्याच्या मातीनं जगाला दिलं काय, तर कापूस. कापसाचा एक तंतू म्हणजे एकच पेशी, सरकीच्या सालीवर उगवलेली, जाडीला मिलिमीटरचा पन्नासावा भाग आणि लांबीला जवळजवळ तीन सेंटिमीटर. बोंड उकललं की ही पेशी वाळते, चपटी होते, पीळ खाते. तिला पुन्हा पाणी दिलं तर ती फुगते, पण लांबीत जवळपास नाहीच. फुगते ती जाडीत. सुती कॅनव्हासवर पावसाचे पहिले थेंब पडले की थोडं पाणी आत झिरपतं, मग सूत जाड होतं, धाग्यांमधली भोकं मिटत जातात आणि कापड आपणहून दार लावून घेतं. म्हणून जुने जाणते लोक नवा तंबू आणला की आधी अंगणात ताणून त्यावर पाणी मारतात आणि वाळवतात. शिवणीची भोकं त्यातच बसतात. दुसऱ्या महायुद्धात मँचेस्टरच्या शर्ली संस्थेनं हाच गुण ताणून ‘व्हेंटाइल’ नावाचं दाट सुती कापड बनवलं. थंडगार समुद्रात पडणाऱ्या वैमानिकांचे पोशाख त्याचे होते. वर रबर नाही, मेण नाही, नुसता फुगणारा कापूस.

त्या दाराला एक खोड आहे. पाऊस चालू असताना आतून कापडाला बोट लावलं, की नेमकी तिथूनच गळती सुरू होते. उरल्यासुरल्या बारीक भोकांत पाणी स्वतःच्या ताणावर अडकून असतं. बोटानं तो ताण मोडतो आणि थेंबाला वाट मिळते. लहान मुलं सोबत असली तर हे त्यांना सांगू नये, हमखास करून बघतात.

दोराचं तर याहून नवल. सुती दोर भिजला की लांब व्हावा असं वाटतं, पण तो आखूड होतो. धागे जाड झाल्यावर पिळाला जास्त वळसा घ्यावा लागतो आणि ती लांबी दोराच्या लांबीतून जाते. संध्याकाळी कच्चून बांधलेला तंबू रात्रीच्या सरीनंतर स्वतःच्या खुंट्या उपटून काढू शकतो. ढग दिसले की दोर ढिले सोडायचे. नायलॉनचं उलट असतं: भिजलं की कापड सैलावतं आणि पोट काढतं. शिवाय ते श्वास घेत नाही. झोपलेला माणूस रात्रभरात पेलाभर तरी पाणी उच्छ्वासातून बाहेर टाकतो. ते थंड कापडावर जमतं आणि पहाटे कपाळावर टपकतं. हीच गत घरगाडीच्या पत्र्याची, खिडक्या गच्च लावून झोपलात तर. डिसेंबरच्या निरभ्र रात्री दारव्ह्याकडे पारा दहाच्या आसपास उतरतो आणि गाडीचं छप्पर आकाशाकडे उष्णता फेकत भोवतालच्या हवेहूनही गार होतं. पाऊस नाही, तरी पहाटे आतून ओल.

तिसरी तऱ्हा मे महिन्यातली. पारा ४४-४५ वर. इथे घरगाडीवाले हसतात, आमच्याकडे एसी आहे म्हणून. असेल, पण वीज कुठे आहे? छतावरचा छोटा एसी तासाला सव्वा युनिटच्या आसपास खातो. गाडीतल्या १०० अँपियर-अवरच्या बारा व्होल्टी बॅटरीत सगळी मिळून १.२ युनिट वीज मावते, आणि शिशाची बॅटरी टिकवायची तर त्यातली निम्मीच वापरायची. म्हणजे अर्धा तास गारवा. मग इंजिन किंवा जनरेटर घुर्रघुर्र करत रात्रभर चालू. विदर्भातलं कुठलंही घर याचं उत्तर जाणतं: कूलर. एक लिटर पाणी वाळ्याच्या ताटीवर उडून जाताना हवेतली पाऊण युनिटला थोडी कमी एवढी उष्णता ओढून नेतं. दोन लिटर उडालं, की अख्ख्या भरलेल्या बॅटरीत जेवढी ऊर्जा असते तेवढी उष्णता गेली, फक्त एका पंख्याच्या खर्चात. हवा कोरडी पाहिजे, एवढीच अट, आणि मे महिन्यात वऱ्हाडात कोरड्या हवेला तोटा नाही. कूलरला खिडकी उघडी लागते, म्हणजे सीलबंद घरगाडीपेक्षा आमराईतल्या, ताटी बांधलेल्या कनातीला तो जास्त मानवतो. कलेक्टरसाहेबांचे दौऱ्यावरचे डेरे आंब्याखाली पडायचे, ते काही निसर्गशोभेसाठी नव्हे.

घरगाडी इथे कधीच चालत नाही असं मात्र कुणी समजू नये. रामनवमीला वाशीम जिल्ह्यातल्या पोहरादेवीला सेवालाल महाराजांच्या दर्शनासाठी बंजारा समाज लोटतो. चैत्रात माती दगडासारखी कडक असते. जत्रेतला संसार बघा: ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बांबू वाकवून ताडपत्री टाकलेली, तळाला कुटार, त्यावर गोधड्या. म्हाताऱ्या माणसांची आणि लेकरांची झोप ट्रॉलीत, गडीमाणसं ट्रॉलीखाली, चूल तीन दगडांची. वरती गाडी, खालती तंबू. निवड करायची वेळच येत नाही.

तुम्हाला यायचं असेल तर दिवाळीनंतरचे दिवस चांगले. दिवसा ऊब, रात्री शेकोटीपुरती थंडी, वेचणीला आलेली पांढरी वावरं. तंबू आणलात तर तळ शिवलेला, चेनचा असावा, विंचूकाट्यासाठी. घरगाडी आणलीत तर ती मुरमावर लावा: शाळेचं पटांगण, मंदिराची मोकळी जागा, परवानगी काढून. वावर कोरडं दिसतं म्हणून आत घालू नका. हिवाळ्यात गहू-हरभऱ्याचं ओलित चालू असतं, शेतीपंपाची लाईन बरेचदा रात्री येते, आणि शेतकरी बॅटरी घेऊन काळोखात पाणी फिरवतो. तुम्ही झोपलेले असताना शेजारचं पाणी धुऱ्याखालून, म्हणजे बांधाखालून, तुमच्या चाकांपर्यंत येतं. तेव्हा मुक्काम टाकण्याआधी धुऱ्यावर जो कुणी असेल त्याला विचारा, ‘भाऊ, आज लाईन दिवसाची आहे का रात्रीची?’