सायकलवरून उडी : आधी पायरी, मग बांध

रविवारी संध्याकाळी माझ्या दवाखान्यात फारसे कोणी येत नाही. दोन वर्षांपूर्वी अशाच एका रविवारी मी कपाटातली औषधे लावत बसलो होतो. तेवढ्यात तीन मुले चौथ्याला धरून आत आली. वय चौदा, गुडघा चांगलाच खरचटलेला, चेहऱ्यावर वेदनेपेक्षा घरी काय सांगायचे याची काळजी जास्त. गावाबाहेरच्या मुरमाच्या माळावर गिअरच्या सायकलवरून बांधावरून उडी मारताना तो पडला होता.

मी जखम धुतली, पट्टी बांधली, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले. "आणखी कुठे लागलं का रे?" असे विचारले. "हँडल पोटात लागलं, पण थोडंसंच," तो म्हणाला. सदरा वर करून पाहिले. डाव्या बरगड्यांच्या खाली रुपयाएवढा गोल लाल वळ होता. पोट दाबून पाहिले, मऊ होते. नाडी ठीक होती. मी त्याला घरी पाठवले.

रात्री दहाला वडिलांचा फोन आला. "डॉक्टरसाहेब, पोरगा पांढरा पडलाय, घाम सुटलाय. आणि डावा खांदा दुखतोय म्हणतो. खांद्याला तर काही लागलेलं नाही." खांद्याचे नाव ऐकताच मी चपला शोधू लागलो. प्लीहा, म्हणजे डाव्या बरगड्यांखालची पानथरी, फाटून पोटात रक्त साचले की पडद्याला टोचणी लागते आणि कळ खांद्यात जाणवते. हे वैद्यकीय महाविद्यालयात आम्हाला घोकून घोकून शिकवलेले असते. मुलाला त्याच रात्री जिल्ह्याच्या गावी हलवले. सोनोग्राफीत निदान पक्के झाले. रक्त चढवावे लागले, काही दिवस अतिदक्षता विभागात काढावे लागले. पण शस्त्रक्रिया टळली. मुलांची फाटलेली प्लीहा पुष्कळदा विश्रांती आणि कडक देखरेख यांवर भरून येते, तशी त्याचीही आली.

चूक माझी होती. तो गोल वळ पाहिल्यावर त्याला घरी न पाठवता निरीक्षणाखाली ठेवायला हवे होते. ती रात्र मी विसरलेलो नाही, म्हणून आजचा हा लेख.

बंदी घालून भागेल का?

काही महिन्यांनी तज्ज्ञांनी परवानगी दिल्यावर तो मुलगा पुन्हा दारात उभा. "डॉक्टरकाका, आता चालवू का?" माझ्या तोंडी पहिले उत्तर 'नाही' हेच आले होते. पण नाही म्हटले तर ही मुले घरी न सांगता जाणार, आणि पडली तर लागलेले लपवणार, हे मी एव्हाना पुरते ओळखले होते. त्यापेक्षा नीट शिकलेली बरी. मग मी स्वतः माळावर जाऊन पाहिले, डोंगरी सायकल चांगली चालवणाऱ्या एका तरुणाकडून समजून घेतले आणि थोडे वाचलेही.

हा खेळ तसा जुना नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात, मरिन परगण्यातील तामलपाइस डोंगराच्या परिसरात काही तरुण जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन उतारावरून सुसाट येऊ लागले, तिथून ही डोंगरी सायकल वाढली. १९९६ साली अटलांटाला ती ऑलिंपिकमध्ये पोचली. वाटेत एकदम जमीन खाली जाते, त्या जागेला मुले 'ड्रॉप' म्हणतात. आपल्याकडे शेताचा बांध, ओट्याची कड, ओढ्याची दरड हे सगळे ड्रॉपच.

तोंडावर का पडतात?

यात थोडे गणित आहे. दोन फुटांवरून वस्तू खाली पडायला साधारण एक तृतीयांश सेकंद लागतो. सायकलच्या दोन चाकांमधले अंतर मीटरभराहून थोडे अधिक असते. माणसाच्या चालण्याच्या वेगाने सायकल कडेवर आली, तर पुढचे चाक कड सोडल्यानंतर मागचे चाक कडेशी यायला पाऊण सेकंद लागतो. म्हणजे मागचे चाक अजून वरच, आणि पुढचे केव्हाच खाली गेलेले. सायकल नाकावर उभी राहते आणि मुलगा हँडलवरून पुढे फेकला जातो. तीच सायकल ताशी पंधरा किलोमीटर वेगाने आली, तर मागचे चाक पाव सेकंदात कड सोडते आणि सायकल बरीच आडवी राहते.

गंमत अशी, की भीती वाटते तेव्हा मुलगा कडेशी येऊन करकचून ब्रेक दाबतो. जी गोष्ट जपण्यासाठी केली, तीच पाडते. कड पाहूनही पोटात गोळा येत असेल, तर आधीच थांबावे, उतरावे आणि सायकल हातात धरून खाली न्यावी. अर्ध्या मनाने मारलेली उडी सर्वांत वाईट.

शिकण्याचा क्रम

पहिला आठवडा सपाट जमिनीवर. सीट खाली करावी. पेडलवर उभे राहावे, दोन्ही पेडल एका पातळीत, टाचा किंचित खाली. गुडघे आणि कोपरे वाकलेली, शरीराचा भार पायांवर. हातांवर भार टाकू नये. अंगठा मुठीला वेढा घालून धरलेला, ब्रेकवर एकच बोट. नजर पुढे, जिथे जायचे तिथे. चाकाकडे पाहिले की मान खाली जाते आणि मानेमागून सगळे अंग पुढे झुकते.

मग सहा इंचांची पायरी. शाळेच्या मैदानाची कड चालेल. आधी चालत जाऊन वरून आणि खालून जागा पाहावी. खाली दगड, खड्डा, सैल वाळू नको. पुढे थांबायला मोकळी जागा हवी. मध्यम, एकसारख्या वेगाने सरळ यावे. कडेच्या थोडे आधी पेडल मारणे आणि ब्रेक दोन्ही बंद. कड जवळ आली की अंग थोडे खाली दाबावे आणि पुढचे चाक कड सोडताना दोन्ही हातांनी सायकल पुढे ढकलावी. इथेच बहुतेकांचे चुकते. मुले हँडल वर ओढतात. मग पुढचे चाक उंच जाते आणि माणूस पाठीवर येतो. हँडल ओढायचे नसते. सायकल अंगाखालून पुढे जाऊ द्यायची असते. फार मागे, टायरवर बसल्यासारखे लटकणेही चूक. हात ताठ झाले की उतरताना वाकायला जागा उरत नाही.

खाली येताना सायकल जमिनीला समांतर हवी. खाली उतार असेल तर चाकेही उताराला जुळवून टेकवावीत. सपाट जागी दोन्ही चाके एकदम किंवा मागचे किंचित आधी. टेकताच गुडघे आणि कोपरे वाकवून धक्का जिरवावा आणि पुढचा ब्रेक दाबू नये. दोन फुटांवरून खाली येणारे शरीर ताशी सुमारे बारा किलोमीटर वेगाने टेकते. ताठ पायांनी ते दोन-तीन सेंटिमीटरांत थांबते, वाकलेल्या गुडघ्यांनी वीस-तीस सेंटिमीटरांत. धक्का दहापटींनी कमी. पाण्याची घागर डोक्यावर घेऊन दगडी पायऱ्या उतरणाऱ्या बाईला हे न शिकवता कळते.

सहा इंच दहापैकी दहा वेळा जमले, की मग एक फूट. तिथे तसेच जमले, की पुढे. उंची मित्रांच्या पैजेवर वाढवू नये. दमल्यावर, अंधार पडताना, ओल्या मुरमावर सराव नको. 'आता शेवटची एकच' असे म्हणून मारलेल्या उडीनंतर माझ्याकडे आलेले रुग्ण थोडे नाहीत.

जागा रोज नवी

मोठमोठेही इथे चुकतात. २६ जुलै २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकमधील पुरुषांची डोंगरी सायकल शर्यत जपानमधील इझू येथे झाली. नेदरलँड्सचा मॅथ्यू व्हान डेर पूल हा जगातल्या अव्वल सायकलपटूंपैकी एक. पहिल्याच फेरीत एका ड्रॉपवर तो हँडलवरून पुढे फेकला गेला. सरावाच्या वेळी तिथे उतरती फळी लावलेली होती. शर्यतीतही ती असेल असे तो धरून चालला होता. फळी काढलेली होती. पुढे त्याला शर्यत सोडावी लागली. आपल्या माळावरही काल पाऊस झालेला असतो, कोणी बांधाची माती काढून नेलेली असते. म्हणून दररोजची पहिली फेरी पायीच.

सायकल आणि हेल्मेट

जाड टायर आणि भडक रंग असले म्हणजे सायकल उडीला योग्य होत नाही. स्वस्तातल्या अनेक सायकली फक्त दिसायला डोंगरी असतात. त्यांचा सांगाडा आणि पुढचा चिमटा उडीसाठी बनवलेला नसतो. घेताना दुकानदाराला स्पष्ट विचारा. चाकांचे नट, हँडल आणि ब्रेक दर वेळी तपासा. आणि मुठींची टोके पाहा. रबर फाटून हँडलची नळी उघडी पडली असेल, तर ती पोटात चाकूसारखी घुसते. ते भोक बंद करणारे बूच काही रुपयांत मिळते. आमच्या मुलाच्या हँडलला ते नव्हते.

हेल्मेट सायकलचेच हवे. क्रिकेटचे या कामाचे नव्हे. ते कपाळावर भुवयांच्या दोन बोटे वर, आडवे बसावे. मागे सरकवून टोपीसारखे घालू नये. पट्टा हनुवटीखाली एखादे बोट जाईल इतका घट्ट. आतला फेस एकदाच चेपून डोके वाचवतो. जोराचा मार बसलेले हेल्मेट वरून चांगले दिसले तरी बदला. हातमोजे आणि गुडघ्याचे पॅडही घालावेत. फूटभरापेक्षा मोठ्या उड्यांना हनुवटी झाकणारे हेल्मेट उत्तम.

पडल्यावर काय पाहाल?

*पोट :* हँडलचा मार बसला असेल तर वळ लहान आहे म्हणून निर्धास्त राहू नका. प्लीहा, यकृत, स्वादुपिंड, आतडे यांची इजा काही तासांनी, कधी काही दिवसांनीही उघड होते. वाढती पोटदुखी, उलटी, घाम, फिकटपणा, चक्कर, खांद्यात कळ, लघवीत रक्त यांपैकी काहीही दिसले तर ताबडतोब रुग्णालय. तोवर खायला-प्यायला देऊ नका.

*मनगट :* हात टेकून पडल्यावर अंगठा ताणला की त्याच्या मुळाशी जो खळगा दिसतो, जुनी माणसे चिमूटभर तपकीर ठेवत तो, तिथे दाबून दुखत असेल तर नौकेच्या आकाराचे छोटे हाड मोडलेले असू शकते. पहिल्या एक्स-रेमध्ये ते पुष्कळदा दिसत नाही. दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढावा लागतो आणि तोवर हात आधारात ठेवावा लागतो. 'मुरगळलंय' म्हणून चोळून घेतलेत, तर हाड जुळत नाही आणि मनगट जन्माचे दुखरे होते.

*डोके :* काही क्षण शुद्ध गेली, काय झाले ते आठवत नाही, वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, झटका, एक बाहुली मोठी, नाका-कानातून पाणी किंवा रक्त, असे काही असेल तर वेळ घालवू नका. मधे मुलगा चांगला बोलला म्हणजे धोका टळला असे नाही. ॲस्पिरिन देऊ नका. मेंदूला हलका मार असेल तरी त्या दिवशी पुन्हा सायकल नाही. एक-दोन दिवस विश्रांती, मग डॉक्टरांच्या सल्ल्याने आधी अभ्यास, नंतर खेळ.

*मान :* मान दुखते, हातापायाला मुंग्या येतात किंवा पाय हलत नाहीत, तर त्याला उठवून बसवू नका, मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून आणू नका. हेल्मेट ओढून काढू नका. डोके आहे तसे हातांनी स्थिर धरा आणि १०८ ला फोन करा. म्हणून माळावर एकट्याने कधी जायचे नाही.

आईवडिलांना एकच विनंती. मूल पडून घरी आले की पहिला प्रश्न "सायकल कुठे आपटलीस?" असा रागाचा नको. "कुठे कुठे लागलं, दाखव," असा असू द्या. त्या रात्री आमच्या मुलाने पोटदुखी तीन तास लपवली होती, कारण सायकल काढून घेतील ही भीती. खांद्याचे त्याने सांगितले, ते केवळ आईने जवळ बसून विचारले म्हणून.

तो मुलगा आता सोळा वर्षांचा आहे. मुठींना बूच लावलेले आहे. गेल्या महिन्यात मी माळावरून फिरून येत होतो, तेव्हा तो दोन लहान मुलांना सहा इंचांच्या कडेवरून उतरायला शिकवत होता. मला पाहून म्हणाला, "काका, आधी पायी बघून आलोय." मी सायंकाळचा दवाखाना दहा मिनिटे उशिरा उघडला आणि तिथेच उभा राहून पाहत बसलो.