जुन्या मोटारीचा पत्रा

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर किल्ले, ताम्रपट आणि मोडी कागदांची बाडे उभी राहतात. ज्या वस्तूंनी आपल्या वडील-आजोबांचे रोजचे जगणे घडवले, त्या मात्र आपण भंगारवाल्याच्या तराजूत टाकून मोकळे होतो. मोटारगाडी ही अशीच एक वस्तू. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या परवान्याने गाड्या तयार होऊ लागल्या. १९६४ च्या सुमारास आलेली 'फियाट ११०० डिलाइट' हीच पुढे सत्तरच्या दशकात 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने घरोघरी माहीत झाली. २००० च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले, आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनीची काळी-पिवळी टॅक्सीही गेली. आता उरल्या त्या कुणाच्या अंगणात ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या थोड्या खासगी गाड्या.

अशी एक १९७० सालची डिलाइट आमच्या घरी आहे. तिच्या पत्र्याचे काम मी घरीच केले. इंजिन केव्हाही उघडून दुरुस्त करता येते. पण पत्रा गेला की गाडी गेली, असे जुने मिस्त्री म्हणतात. ते का खरे आहे आणि पत्रा वाचवायचा कसा, हे सांगण्यासाठी हा लेख.

पूर्वीच्या कित्येक गाड्यांना खाली मजबूत लोखंडी चौकट असे आणि तिच्यावर वरचा सांगाडा बोल्टांनी बसवलेला असे. ट्रकमध्ये अजूनही तीच पद्धत आहे. फियाट ११०० ची रचना वेगळी. तिला स्वतंत्र चौकट नाही. तळ, दाराखालच्या पोकळ पेट्या, खांब आणि छप्पर हे सारे पत्र्याचे भाग एकमेकांना जोडून जे कवच तयार होते, तेच गाडीचा भार उचलते. अंड्याच्या कवचाची ताकद त्याच्या अखंडपणात असते, तसेच हे. म्हणून दाराखालची पेटी, जिला गॅरेजात 'सिल' म्हणतात, ती गंजली तर केवळ शोभा जात नाही, गाडीचा कणाच मोडतो.

गंज म्हणजे काय? लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू हे तिघे एकत्र आले की तो सुरू होतो; समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत त्याला अधिकच जोर येतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा लागते, म्हणून रंग आतून फुगतो. बाहेर वाटाण्याएवढा फोड दिसला तर आत रुपयाएवढे भोक असू शकते, कारण गंज बहुधा आतल्या बाजूने बाहेर येतो. दारांच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी बारीक छिद्रे ठेवलेली असतात. ती धूळ आणि पाल्याने बुजली की प्रत्येक पावसाळ्यात दारात तळे साचते. ही छिद्रे तारेने मोकळी करणे हा पत्रा वाचवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

कामाची सुरुवात तपासणीने करावी. लोहचुंबक मऊ फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवावा. तो जिथे पकड सोडतो, तिथे पत्रा नाही, लांबी आहे असे समजावे. बोटाने टिचकी मारली तर चांगला पत्रा खणखणतो, लांबी भरलेली जागा बद्द आवाज देते. मग गाडीखाली शिरून बोथट पेचकसाने तळ आणि पेट्या दाबून पाहाव्यात. चांगला पत्रा दबत नाही; कुजलेला पत्रा पापडासारखा मोडतो. दाराभोवतीची फट चारही बाजूंनी सारखी आहे का, तेही पाहावे. वरच्या कोपऱ्यात ती अरुंद झाली असेल तर गाडी मधोमध खचली आहे अशी शंका घ्यावी.

आता खरा प्रश्न उभा राहतो. कुजलेल्या पत्र्यावर लांबी थापून, घासून, वर झकास रंग मारला तर गाडी आठवडाभरात नवी दिसते. विक्रीला काढलेल्या कित्येक जुन्या गाड्या अशाच सजवलेल्या असतात. पण लांबीला भार उचलता येत नाही, शिवाय ती ओल शोषते आणि खाली गंज चालूच राहतो. अशा गाडीत बायकामुले बसवून घाट चढणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. म्हणून नियम एकच : कुजलेले कापायचे, आणि घट्ट पत्र्यापर्यंत कापायचे.

मात्र पेटी कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत आडवे-तिरपे लोखंडी दांडे टेकू म्हणून पक्के बसवावेत. आधार न देता पेटी कापली तर सांगाडा वाकतो, आणि नवा पत्रा जोडल्यावर तो वाकडेपणा कायमचा होतो. मग दारे लागतच नाहीत. पुठ्ठ्याचा नमुना कापून त्याबरहुकूम मूळच्याच जाडीचा पत्रा कापावा. हे घरी होते. जोडकामासाठी मात्र सी.ओ.टू. वेल्डिंग करणारा जाणता कारागीर घरी बोलवावा. त्याआधी बॅटरीची जोडणी काढावी, पेट्रोलची टाकी उतरवून दूर ठेवावी आणि पाण्याची बादली व वाळू हाताशी असावी. पातळ पत्र्यावर सलग वेल्डिंग केले तर उष्णतेने तो लाटांसारखा उठतो. म्हणून एक टाका इकडे, दुसरा दूर तिकडे, असे करत मधल्या जागा भरायच्या.

पोचे काढणे ही निराळी कला. पत्र्यामागे लोखंडी ठोकळा धरायचा आणि पुढून सपाट हातोडीने हलके घाव घालायचे. हातोडी नेमकी ठोकळ्यावर पडली तर पत्रा ताणला जातो, पसरतो; ठोकळ्याच्या शेजारी पडली तर उंचवटा खाली बसतो आणि खळगा वर येतो. नवशिक्याचा हात पहिलीकडेच वळतो आणि पत्रा फुगतो. शंभर हलके घाव एका जोरकस घावापेक्षा बरे.

यानंतर उघड्या पत्र्यावर लगेच इपॉक्सी प्राइमर द्यावा. उघडे लोखंड पावसाळी हवेत एका रात्रीत तांबूस होते. लांबीला इथे स्थान आहे, पण पोचे काढल्यावर राहिलेला एक-दोन मिलिमीटरचा खळगा भरण्यापुरतेच. घासताना कागद लाकडी ठोकळ्याला गुंडाळावा. नुसत्या बोटांनी घासले तर पत्र्यावर बोटांच्या चऱ्या उमटतात. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो, म्हणून तो कोरडा न घासता पाणी लावून घासावा आणि ते पाणी विहिरीच्या बाजूला जाऊ देऊ नये.

रंगासाठी पावसाळा टाळावा. जुन्या पद्धतीच्या लॅकरमधले थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंगावर पांढरट धुके येते. हिवाळ्यातली कोरडी दुपार उत्तम. हार्डनर मिसळून मारायच्या आजच्या रंगात आयसोसायनेट नावाचे घातक रसायन असते आणि साध्या कापडी मुखपट्टीने त्यापासून रक्षण होत नाही. तो रंग घरी मारू नये, रंगशाळेतच द्यावा.

मूळ रंग कोणता होता, याचा पुरावा गाडीतच असतो. दाराच्या आतल्या अस्तराखाली आणि डॅशबोर्डच्या मागे तो उन्हापासून वाचलेला सापडतो. तसा वीतभर तुकडा मी जाणूनबुजून तसाच ठेवला आहे. पुढे कुणाला हीच गाडी पुन्हा रंगवायची झाली, तर माझ्या शब्दावर विसंबायला नको.

मूळपणाला कायद्यानेही आता मोल दिले आहे. २०२१ साली केंद्र शासनाने केलेल्या नियमांनुसार, ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी व चारचाकी वाहने 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येतात आणि त्यांच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नाही. ती प्रदर्शने, मेळावे आणि देखभाल यांपुरतीच रस्त्यावर आणता येते. सांगाड्यात मोठे फेरफार केलेली गाडी या नियमात बसत नाही. म्हणजे गंजलेला भाग बदलताना जुना आकार, जुनी जाडी आणि जुने सांधे राखण्याची शिस्त ही केवळ हौस राहिलेली नाही.

या कामाला खर्चापेक्षा वेळ फार लागतो. मला दोन हिवाळे लागले. पण जोडलेली प्रत्येक जागा मी वहीत आकृती काढून लिहून ठेवली आहे, आणि कापण्यापूर्वीची छायाचित्रेही तिच्यात चिकटवली आहेत. जुनी वस्तू नवी दिसावी एवढाच हेतू असेल तर रंगाचा डबा पुरतो. ती टिकावी असे वाटत असेल तर आधी तिच्या आत काय कुजले आहे ते पाहण्याची तयारी हवी, आणि आपण काय बदलले ते पुढच्या माणसाला सांगण्याचीही. वाचकांपैकी कुणाच्या घरी ताडपत्रीखाली अशी गाडी असेल, तर या सुट्टीत निदान ताडपत्री उचलून दाराच्या तळाची ती छिद्रे तरी मोकळी करावीत.